पेरेसचा अंगठा

केनियातल्या किसुमू शहराच्या किबुये बाजारात पेरेस अविनोकडून वेण्या घालून घ्यायला बायका नंबर लावून बसायच्या. गप्पांच्या नादात एकेका डोक्यावर चाळीस बारीक वेण्या कधी घालून व्हायच्या, कळायचंही नाही. मग एका मटाटूच्या, म्हणजे प्रवासी व्हॅनच्या, ड्रायव्हरने फोनवर बोलता बोलता गाडी थेट रस्त्याकडेला बसलेल्या पेरेसवर घातली. ती वाचली, पण उजवा अंगठा कायमचा आखडला.

विमा कंपनीचा माणूस कागद घेऊन घरी आला. "मावशी, दवाखान्याचा पै न् पै खर्च देतो. इथे सही करा."

"आणि सहा महिने कळवळले, त्याचं? हात गेला, त्याचं?"

"त्याच्या पावत्या आहेत का?"

"चहा घे आणि नीघ, बाळा," पेरेस म्हणाली.

वकील ओडेराने तिला समजावलं, "ताई, सगळं नुकसान एकाच पोत्यात भरायचं नसतं. झालेला खर्च वेगळा, सोसलेलं दुखणं वेगळं, बुडणारी कमाई वेगळी. पावती लागते ती फक्त खर्चाला."

"आणि त्या ड्रायव्हरला अद्दल?"

"त्यासाठी वेगळा दंड मागू. पण मिळणं कठीण."

कोर्टात कंपनीचा वकील ऐटीत म्हणाला, "डॉक्टरांनीच लिहिलंय, अपंगत्व आठ टक्के. फक्त आठ!"

पेरेस उठली. "बाईसाहेब, मी काही पायांनी वेण्या घालत नाही. अंगाचे आठच टक्के गेले असतील, पण माझा अख्खा धंदा या अंगठ्यात आहे."

लोक हसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "घालून दाखवता?"

पेरेसने शालीच्या काठाचे दोरे पुढे ओढले आणि वेणी घालायला घेतली. दोरा तीनदा निसटला. चौथ्यांदा तिने हात खाली ठेवला.

निकालात दवाखान्याचा खर्च मिळाला, दुखण्याची भरपाई मिळाली आणि बुडणाऱ्या कमाईची त्याहून मोठी. दवाखान्यात जायला-यायला लागलेलं मोटरसायकलचं भाडं मात्र पावतीअभावी कापलं गेलं. अद्दल म्हणून वेगळा दंडही नाही. ड्रायव्हरचा बेफिकीरपणा होता, पण दुष्टावा नव्हता, असं न्यायाधीशबाईंनी सांगितलं. ते पेरेसला आठवडाभर खुपलं. "फोन काय आपोआप कानाला चिकटला होता?" ती भेटेल त्याला विचारायची.

पुढच्याच महिन्यात भरपाईच्या पैशांतून तिने बाजारात पत्र्याचा गाळा घेतला आणि वेण्या घालायला तीन बायका बसवल्या. ती स्वतः मागे उभी राहते. "एवढं ओढू नकोस गं," ती ओरडते, "बाईला रात्री डोळे मिटता आले पाहिजेत!"