पहिल्या नातवाचं नाव

शारजात आमचा वसईकर शेजारी लिफ्टचं दार पायाने अडवूनच बोलतो. मुलगा झाल्यापासून त्याची एकच कुरकुर असायची, "पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, ही आमची रीत. बायकोला मात्र फ्रेंच एतिएन हवंय!"

काल तो दारातूनच ओरडला, "अहो, चर्चमधल्या फादरनी सांगितलं! ग्रीकमध्ये मुकुट म्हणजे स्तेफानोस. फ्रेंचांनी त्याचं एतिएन केलं आणि पोर्तुगीजांनी वसईत इस्तेव. माझ्या बाबांचंच नाव हो!"

लिफ्ट टींटीं करत होती. त्याने तिथूनच स्पीकरवर वसईला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं फ्रेंच होतो?"

तो एवढा हसला, की पाय दारावरून निघाला आणि हसणं लिफ्टबरोबर खाली खाली जात राहिलं.