पाणी पिणारं अंगण

मामंजी कुणाच्याही दारात गेले, की हातात आलेल्या तांब्यातलं निम्मं पाणी आधी अंगणात ओतत आणि ते मुरेपर्यंत बघत उभे राहत. माजिवड्यातले लोक हसत. मी नवी सून, मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ते चुन्याचे मिस्त्री. खाडीवरच्या आगगाडीच्या पुलालाही त्यांचा हात लागलेला. आमचं घर मात्र मातीच्या भिंतींचं आणि सखल जागेत. दर पावसाळ्यात अंगणात पाणी साचे, भिंतीचा पाया भिजे. त्याच भिंतीला लागून सासूबाईंचं अंथरूण. त्यांचं एक अंग लुळं पडलेलं. "पानी उभा रायला का भित गेली, न भितीसंगती ही," मामंजी म्हणत.

तीन वर्षं ते अंगणासाठी खडी आणि चुन्याचा मेळ शोधत होते. वाळू अजिबात नाही; खडीखडीत पोकळी राहिली पाहिजे. चुना कमी पडला की खडी पायाखाली सुटे, जास्त झाला की पोकळ्या बुजून पाणी वर राही. मग उखडायचं आणि पुन्हा घालायचं. हातांच्या भेगांत जेवताना तिखट झोंबे. चौथ्या वर्षी भरली बैलगाडी उभी केली तरी अंगण हललं नाही आणि घागरभर पाणी बघता बघता आत गेलं. सासूबाईंच्या उशाशी बसून ते म्हणाले, "आता निवांत निज."

गौरी यायच्या होत्या. मामंजी आणि माझे यजमान कल्याणला कामावर. अशा खडबडीत, उघड्या अंगणात गौरीची पावलं कुठे काढायची? उघडीप बघून मी शेणात लाल माती कालवली आणि दोनदा दाट सारवलं. मामंजी खूश होतील, असं मला खरंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. पाणी तुंबलं आणि दुपारी भिंत आत बसली. मला एकटीला सासूबाईंना वेळेत बाहेर ओढता आलं नाही.

मामंजी आले, अंगणात उकिडवे बसले. नखाने सारवण खरवडून खालची खडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सारवलेलं अंगण जमलेल्या लोकांना काय खटकणार? "माजाच चुना जास्त झाला," ते त्यांना म्हणाले. "पानी मुरलाच नाय."

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही.

"मी सांगते सगळ्यांना, मामंजी," मी एकदा रडत म्हटलं.

"तुला अजून या घरान नांदाचा हाय," एवढंच ते बोलले.

ते गेले तेव्हा तिरडीमागून चालणारे म्हणत होते, बायकोच्या अंगावर भिंत पाडणारा मिस्त्री गेला. मी दारात उभी होते. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.