काचेतली सवाष्ण

थावरीचं लग्नातलं लेणं सासूनं एका परक्या माणसाच्या हवाली केलं, तेव्हा थावरी तुरीच्या शेतात होती. नागपूरची राजधानी मुंबईला गेली, त्याच्या पुढचं ते साल. दारव्ह्याकडच्या एका टेकडीला चिकटलेल्या त्या बंजारा तांड्यात जीप आली. आतल्या माणसाला जुन्या वस्तू हव्या होत्या, नागपूरच्या अजब बंगल्यात मांडून ठेवायला. तुळसाबाईनं सुनेची पेटी उघडली. भिंगं लावलेला घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, पाठ उघडी टाकणारी कांचळी, गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या आणि दंडात घालायच्या पांढऱ्या हाडाच्या बांगड्या, ज्यांना तांड्यात बलिया म्हणतात, असं सगळं तिनं त्याच्यापुढे ठेवलं. बदल्यात दोन लुगडी आली आणि एक पितळी हंडा. थावरी संध्याकाळी घरी आली तेव्हा नवा हंडा भरून चुलीजवळ ठेवलेला होता.

"घालून कोणाले दाखवणार होती?" तुळसाबाई म्हणाली.

 थावरी बोलणाऱ्यातली नव्हतीच. उंच, हाडापेरानं मोठी, कामाला वाघीण. पण तोंडातून शब्द काढायचा तर पायलीभर जोंधळे मागावेत तसं तिला व्हायचं. तिचं रोजचं लेणं अंगावर होतं, तेवढं उरलं. त्या हंड्याला मात्र तिनं कधी हात लावला नाही. पाणी जुन्या मडक्यातूनच घ्यायची. सासूच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं, पण तिनंही विषय काढला नाही. एका छपराखाली दोन बायका अशा कितीतरी गोष्टी न बोलता भांडत असतात.

सासूचा टोमणा झोंबायला कारण होतं. थावरीचा नवरा धनसिंग बैल विकायला पैनगंगेपलीकडच्या बाजाराला गेला, तो परतलाच नाही. बैल विकले गेल्याची खबर आली, माणसाची आली नाही. नदीला पूर होता असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, त्याचं डोकं फिरलं, तो रस्त्यानं आपल्याशीच बोलत जाताना दिसला. नवरा असेपर्यंत बाईच्या गालावर घुगरी आणि दंडात बलिया. नवरा गेला की तांड्यातल्या बाया दगडानं बलिया फोडतात, आणि दीर बिनलग्नाचा असला तर सून त्याची बायको होऊन घरात बसते. घरची बाई घरात राहते. पण प्रेत कोणी पाहिलं नव्हतं. मग बलिया फोडायच्या कशा?

दीर भावसिंग बिनलग्नाचा होता. थावरी लग्न होऊन आली तेव्हा तो इतका लहान होता की त्याच्या डोक्यातल्या उवा तीच काढायची. तो तिला भोजाई, म्हणजे वहिनी, म्हणायचा. आता तो मिशी फुटलेला बाप्या झाला होता आणि भोजाई घरात एकटी असली की बाहेर बाजेवर जाऊन बसायचा. तुळसाबाईला एकच घोर होता. एक मुलगा गेला, दुसऱ्याचं घर उभं राहावं. तिनं तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नाईक हरिसिंगाच्या मागं लकडा लावला होता. नाईक दरवर्षी टाळायचा. शेवटी एका दिवाळीत पंचांनी सांगून टाकलं की येत्या होळीपर्यंत धनसिंग आला तर आला, नाहीतर थावरीनं बलिया उतरवायच्या.

थावरी रोज रात्री एक भाकर जास्त थापायची. धनसिंगला सवय होती, जेवताना भाकरीचे दोन तुकडे करायचा आणि अर्धी बाजूला काढून ठेवायचा, तिच्यासाठी. ती म्हणायची, मले माही मी थापून घेईन. तो म्हणायचा, हे माह्या ताटातली हाये. आता ती जास्तीची भाकर सकाळी तीच खायची, अर्धी अर्धी करून.

त्या दिवाळीला अवकाळी पाऊस पडला आणि कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडली. वेचणीला कामच राहिलं नाही. एका मुकादमाबरोबर अर्धा तांडा नागपूरला इमारतीच्या कामावर गेला. त्यांत थावरी होती. सिव्हिल लाइन्सच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर कुठल्याशा कचेरीचं काम चाललं होतं. डोक्यावर गाऱ्याची घमेली वाहायची, झाडाखाली राहायचं. ऐतवारी सुट्टी. पहिल्याच ऐतवारी सगळ्या बाया म्हणाल्या, अजब बंगला जवळच आहे, चला पाहून येऊ.

त्यांनी दगडाचे देव पाहिले, पेंढा भरलेला वाघ पाहिला, त्याच्या दातांवर हात ठेवायचा प्रयत्न केला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली. मग एका लांबट, अंधाऱ्या दालनात त्या शिरल्या. तिथं काचेच्या मोठाल्या कपाटांत माणसांचे पुतळे उभे केले होते. गोंड होते, कोलाम होते. शेवटच्या कपाटात थावरीचा फेटिया होता.

बाया हसल्या. एकीनं म्हटलं, अवं थावरे, तू तर इथं उभी हायेस. थावरी हसली नाही. घुगरीचं एक झुंबर कधीतरी तुटलं होतं आणि तिनं ते निळ्या दोऱ्यानं बांधलं होतं. तो निळा दोरा पुतळीच्या डाव्या गालावर होता. दंडात बलिया होत्या. चेहरा मात्र कोणाचाच नव्हता. पांढुरका, नाक धारदार, डोळे पापणी न हलवता दाराकडे लागलेले. वाट पाहणाऱ्या बाईचे डोळे दाराकडे असतात, तसे. ज्यानं ती पुतळी केली त्यानं कदाचित डोळे कुठं तरी लावायचे म्हणून लावले असतील. पण थावरीच्या अंगावर काटा आला.

ती पुढे सरकली. काचेत तिचं प्रतिबिंब पडलं आणि पुतळीच्या चेहऱ्यावर बरोबर जाऊन बसलं. कपाळाला कपाळ, ओठाला ओठ. थावरी बाजूला झाली तेव्हा पुन्हा तो पांढुरका चेहरा. पण आता तो मघासारखा परका वाटेना.

त्यानंतर ती दर ऐतवारी जाऊ लागली. एकटीच. बाया बाजारात जायच्या, ही अजब बंगल्यात. त्या दालनात उकंडा नावाचा पहारेकरी असायचा, वणीकडचा म्हातारा. आपल्या जिल्ह्याची बाई म्हणून तो तिला जमिनीवर बसू द्यायचा. एकदा तिनं सांगितलं की हे लेणं माझं आहे. उकंडानं तिच्याकडे पाहिलं, मग पुतळीकडे, आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"तुमचा माणूस कुठी असते?" त्यानं विचारलं.

तिनं जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. उकंडानं तंबाखू तोंडात टाकलीच नाही, तशीच मुठीत धरून ठेवली.

मग त्यानं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यापासून एक माणूस येतो. दाढी वाढलेली, पागोटं लाल, कानात बाळी. इतर काही पाहत नाही. सरळ या कपाटासमोर येऊन उकिडवा बसतो. पहिल्यांदा आला तेव्हा दालन बंद करायची वेळ झाली तरी उठेना.

"मले म्हणे, इले घरी कधी सोडता? मले वाटलं, मस्करी करून राह्यला. म्या म्हटलं, सरकारनं ठेवली हाये, सोडत नाही. तर म्हणे, बरं. म्या थांबतो."

 इतकी वर्षं थावरीला वाटत होतं की वाट आपण पाहतो आहोत.

तो केव्हा येतो ते उकंडाला सांगता येईना. गर्दी नसली की येतो, एवढंच. थावरी पुढच्या ऐतवारी उघडायच्या वेळेपासून बंद होईपर्यंत बसली. नाही आला. त्याच्या पुढच्या ऐतवारीही नाही. मधल्या एका वारी काम सुटल्यावर ती विचारायला गेली, तर उकंडा म्हणाला, काल आला होता. ती काल तिथून हाकेच्या अंतरावर घमेलं वाहत होती. मग तिनं काम बुडवलं, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि भर कामाच्या दिवशी सकाळीच आली. उकंडा दारातच म्हणाला, आत्ता गेला, तुमच्या वाटेनंच तर गेला, दिसला नाही काय?

वाटेवर तिला कोणी भेटलं नव्हतं.

कपाटाच्या पायाशी, काचेला टेकवून, फडक्यावर काहीतरी ठेवलेलं होतं. तिनं वाकून पाहिलं. अर्धी भाकर होती. हातानं मोडलेली, कडा अजून ओल्या.

बाहेरच्या दाराशी दुसरा पहारेकरी बसायचा. तिनं त्याला विचारलं, लाल पागोट्याचा माणूस आत्ता बाहेर गेला का? तो म्हणाला की सकाळपासून तुझ्याशिवाय कोणी आत गेलेलं नाही, बाहेर कुठून येईल. आणि असा माणूस त्यानं कधीच पाहिला नव्हता.

होळी तोंडावर आली. मुकादमानं हिशेब केले, तांडा परतायला निघाला. शेवटच्या ऐतवारी थावरी उकंडाकडे गेली आणि तिनं एकच विचारलं, त्याला सांगितलंत का, त्याची बायको जिवंत आहे म्हणून?

उकंडा तिच्या नजरेला नजर देईना.

"सांगतलं, बाई. म्या म्हटलं, बावा, तुही बायको जित्ती हाये, दर ऐतवारी येते, तुले धुंडून राह्यली. तर त्यानं हिच्याकडं बोट केलं. म्हणे, हे काय, इथं तं हाये."

थावरीनं काचेकडे पाहिलं. या वेळी तिनं मुद्दाम बाजूला उभं राहून पाहिलं, आपलं प्रतिबिंब पडू नये म्हणून. तरीही चेहरा तिचाच होता.

तांड्यात परतल्यावर रात्रीची भाकर थापताना तिनं सासूला सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं एका दमात ती कधी बोलली नव्हती. तुळसाबाई चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. थावरीला वाटलं, आता ही म्हातारी उठून नागपूरची मोटर धरेल. पण तुळसाबाई उठली नाही.

"जित्ता माणूस पुतळीपाशी जाते काय?" ती म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मुलासाठी ती रडली ती तेवढीच.

भावसिंग मात्र नागपूरला गेला. भाऊ वेडा का होईना, जिवंत असला तर त्याच्या बायकोकडे डोळा वर करून बघायचं नाही, असं तो आईला सांगून गेला. सराया पाहिल्या, दवाखाने पाहिले, स्टेशनवर झोपणाऱ्यांच्या तोंडावरची पांघरुणं काढून पाहिली. परत आला आणि नाही म्हणून मान हलवली. अजब बंगल्यात गेला होतास का, असं थावरीनं विचारलं. फाटकापर्यंत गेलतो, तो म्हणाला. आत जायची त्याची छाती झाली नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी बाया दगड घेऊन आल्या, तेव्हा थावरी अंगणात बसलेलीच होती. तिनं दगड मागून घेतला आणि आपल्या बलिया आपणच फोडल्या. असं कोणी करत नाही. बाया कुजबुजल्या. नाईक हरिसिंगानं विचारलं, मनापासून करतेस ना, नंतर तो आला तर? थावरी म्हणाली की आला तर त्याची बायको त्याला ठाऊक आहे, कुठं आहे ते. जी काही वाट पाहायची होती ती सगळी आपण त्या पुतळीजवळ ठेवून आलो, असं तिला वाटत होतं, आणि अंग हलकं लागत होतं. त्या हलकेपणाची तिला भीतीही वाटत होती. त्या रात्री तिनं जास्तीची भाकर थापली नाही. पाणी नव्या हंड्यातून घेतलं.

भावसिंग चांगला निघाला. संसार झाला. थावरीचे दंड मात्र उघडेच राहिले; दुसऱ्या घरोब्यात बलिया चढत नाहीत. मुलगी झाली, तिचं नाव जया ठेवलं, शाळेतल्या गुरुजींनी सुचवलेलं. तुळसाबाई नातीचं तोंड पाहून गेली. एकच गोष्ट बदलायला दिवस लागले. भावसिंगच्या तोंडातून भोजाई जाईना. पोरगी रांगायला लागली तेव्हा कुठं तो थावरे म्हणायला शिकला. रात्री कधी थावरी जागी झाली तर ती दाराकडे पाहायची नाही. ते काम दुसरीकडं होतं.

जयाचा कान फुटला आणि यवतमाळच्या डॉक्टरनं नागपूरला न्यायला सांगितलं. तोवर जया सात-आठ वर्षांची झाली होती, साठीचं दशक संपत आलं होतं. वैशाखाचे दिवस. दवाखान्यातून दुपारी मोकळे झाले तेव्हा मोटरीला वेळ होता. जया म्हणाली, वाघ पाहाचा हाये. शाळेत तिला कोणी सांगितलं होतं. भावसिंग फाटकाशी फुटाणे घेऊन बसला. तुम्ही या पाहून, म्हणाला.

वाघ पाहून झाला. थावरीनं त्या लांबट दालनाकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. पण जया पळत पुढं गेली आणि शेवटच्या कपाटासमोर थांबली.

"याडी," तिनं आईला हाक मारली, "हे तू हायेस?"

थावरी आली. पुतळी तशीच उभी होती. फेटियाची भिंगं आंधळी झाली होती. गालावर निळा दोरा होता. चेहऱ्याला बारीक भेगा गेल्या होत्या, थावरीच्या चेहऱ्याला गेल्या होत्या तशाच, डोळ्यांच्या कडेला. पण डोळे दाराकडे नव्हते. म्हणजे तिला तसं वाटलं. ते खाली लागले होते.

दंड उघडे होते.

कपाटाच्या तळाशी पांढऱ्या हाडाचे तुकडे पडलेले होते. नव्या पहारेकऱ्याला तिनं विचारलं. उकंडा कधीच घरी बसला होता. नवा म्हणाला की उन्हाळ्यात हाड तडकतं, बाई. चार दिवस झाले. सकाळी पाहिलं तर दोन्ही हातांच्या बांगड्या खाली पडल्या होत्या. कुलूप तसंच आहे, किल्ली साहेबांकडं, साहेब सुट्टीवर. कोणी हात लावलेला नाही.

थावरीनं जयाचा हात धरला आणि ती बाहेर आली. बागेत झाडांना पाणी घालायचा एक नळ होता. तिनं तो सोडला आणि लुगड्यासकट त्याच्याखाली बसली. डोक्यावरून पाणी वाहत होतं आणि ती तोंडातून आवाज न काढता रडत होती. माळी ओरडायला आला आणि तिच्याकडे पाहून तसाच थांबला. मरणाची खबर ऐकली की आंघोळ करावी लागते, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नसणार.

भावसिंगानं फाटकावरून पाहिलं. फुटाणे त्याच्या हातातून सांडले. तो जवळ आला आणि थोडा वेळ तिच्या उघड्या दंडांकडे पाहत उभा राहिला.

"कोण गेलं, भोजाई?" त्यानं विचारलं.

"तुहा भाऊ," थावरी म्हणाली.

 त्यानं पागोटं काढून जयाच्या हातात दिलं, आणि तोही नळाखाली येऊन बसला.