आमी केलं

या माणसाबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळत आलो. निवृत्त झाल्यावर लोकांनी आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी वरिष्ठांवर लिहिलं, कचेरीतल्या शिपायांवर लिहिलं, लोकल बोर्डाने दिलेल्या सायकलवरसुद्धा लिहिलं. आमीवर लिहिलं नाही. त्याचं कौतुक भराभर सुचे, आणि कौतुक संपून जे लिहायला हवं ते आलं की मी कागद बाजूला ठेवी. आता वय असं झालंय की कागद बाजूला ठेवला तर तो तिथेच राहील.

आमी हे अर्थात त्याचं नाव नव्हे. नाव सदाशिव, गाव नेरळजवळचं पोशीर, घरी भातशेती. पण हा माणूस स्वतःबद्दल 'मी' असं कधी म्हणत नसे. 'आमी जेवलो', 'आमी पास झालो', 'आमाला ताप आला.' मुंबईच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी कारकुनाने दारातून विचारलं, "खोलीत कोण आहे?" हा आतून म्हणाला, "आमी हाय." कारकुनाने दोन गाद्या पाठवल्या. थोड्या वेळाने मी ट्रंक घेऊन त्याच खोलीत आलो, तर दुसरी गादी त्याने माझ्यासाठी झटकून ठेवलेली. अशी आमची ओळख झाली.

लढाईची वर्षं होती. पदवीधरांसाठी सार्वजनिक आरोग्याच्या कारभाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला होता. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की आम्ही त्याला 'गटारांची बी.ए.' म्हणत असू. रोगांच्या साथी कशा पसरतात, दवाखान्याचा कारभार कसा चालवायचा, लस कुठे किती पाठवायची, नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं शिकवीत. वर्गात आम्ही अकराजण. मी पुण्याहून आलेलो, वडील वकील, इंग्रजी घरातलंच. आमीचं इंग्रजी पुस्तकातलं होतं, चूक नसलेलं पण चाचपडत चालणारं. आणि त्यातही तो 'आय' म्हणत नसे. प्राध्यापकांनी हजेरी घेताना नाव पुकारलं की तो उभा राहून म्हणे, "वुई आर हिअर, सर." पोरं बाक वाजवीत.

एकदा कुणीतरी त्याला डिवचलं, "आमी म्हणजे कोण रे? तू आणि तुझे बैल?" तो जराही चिडला नाही. म्हणाला, "बैल बी धर. अरं, आमच्यात लावनी काय एकला मानूस करतो का? कुनी इचारलं शेत कुनी लावलं, तर काय सांगनार? आमी लावलं. तीच सवय हाय तोंडाला." मग त्या पोराकडे बघून हसत म्हणाला, "तू लावलंयस का कदी? नाय ना? मंग तुला 'मी' बोलाया काय हरकत नाय."

जेवणानंतर आमची चर्चा एकाच विषयावर चाले, नोकरी कुठे मिळेल. रेल्वेत गेलं तर पास आणि बिऱ्हाडाला जागा. गोदीत गेलं तर बोटीवरच्या साहेबांशी ओळखी. गिरण्यांनाही आरोग्यावर देखरेख करणारी माणसं हवी होती, नगरपालिकांनाही. जो तो आपापलं स्वप्न सांगे. आमी पडल्या पडल्या ऐके आणि शेवटी म्हणे, "रेल्वे तुमी घ्या, गोदी तुमी घ्या. आमाला कर्जत द्या." कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांसाठी आरोग्य पर्यवेक्षकाची एक नवी जागा निघणार होती, आणि ती आमच्या वर्गातून भरायची होती. सायकलवर उन्हातान्हात फिरायची ती नोकरी बाकी कुणालाच नको होती.

त्याला ती का हवी हे त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. तो लहान असताना पटकीची साथ आली. तालुक्याहून माणूस आला, विहिरीत लाल औषध टाकलं, वहीत सही घेतली आणि गेला. औषध टाकलं ते रस्त्याकडेच्या विहिरीत, कारण ती त्याला वाटेवर सापडली. त्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुणी पीतच नसे. सगळ्या बाया ओढ्यातल्या डवऱ्यावर जात, म्हणजे वाळूत उकरलेल्या खड्ड्यावर. आठवड्यात त्याची मोठी बहीण गेली. "त्या मानसाचं काय चुकलं नाय," आमी म्हणाला. "त्यानं विहीर बघितली, औषध टाकलं. फकस्त इचारलं नाय कुनाला, की बायांनो, पानी कुठलं पिता?"

म्हणून तो स्वतः सगळ्यांना हे विचारी. कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की आधी प्रश्न, "पानी कुठलं?" उत्तर ऐकून घेई आणि मग पाणी पिऊन टाकी. मी एकदा म्हटलं, "प्यायचंच असतं तर विचारतोस कशाला?" तो म्हणाला, "न पिऊन घरच्या बाईचा अपमान कशाला करू? पन ठावं तर पायजे पोटात काय चाललंय." त्याचं आणखी एक म्हणणं असे. आजारी माणसाला काय होतंय ते डॉक्टर विचारील, आपण त्याच्या घागरीला विचारायचं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी तीन महिने प्रत्यक्ष काम असे. आम्हा दोघांना जोडीने पाठवलं. कर्जत तालुक्यातलं पाणी त्याने पाहायचं, खालापूरचं मी. त्यावर अहवाल लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची, आणि त्यातून त्या नव्या जागेसाठी दोघांपैकी एकाचं नाव पुढे जाणार. मलाही तोवर ती जागा हवीशी झाली होती. इतरांच्या नेमणुका लागत चालल्या होत्या आणि वडिलांची पत्रं येत होती.

कर्जतला उल्हास नदीच्या बाजूला आम्ही एक खोली घेतली. आमीने बाजारातून सुताची दोरी आणली, हाताहातावर गाठी मारल्या आणि टोकाला लोखंडी नट बांधला. ही दोरी विहिरीत सोडायची, भिजलेल्या गाठी मोजायच्या. त्याचं काम मी दोन दिवस त्याच्याबरोबर हिंडून पाहिलं. कडावला एका विहिरीवर बायांचा घोळका होता. हा काठावर बसला, दोरी सोडली आणि वर न बघता म्हणाला, "मावशे, होळीनंतर ही आटते ना?"

"आटंल न्हाय तर काय," मावशी म्हणाली. "तुला रं कुनी सांगितलं?"

"हिनंच सांगितलं. वरच्या पायऱ्यांवर शेवाळ नाय. मंग तवा कुठं जाता?"

मावशीने कमरेवर हात ठेवला. "सांगते. पन आदी ती दोरी काड, आमचं पानी काय चोरून न्यायचं हाय का?" बाया हसल्या, आणि हसता हसता त्यांनी अर्ध्या तासात असं काही सांगितलं की जे तालुक्याच्या कुठल्या कागदावर नव्हतं. कोणती विहीर कुणासाठी, कुणाला कुठे पाणी भरू देत नाहीत, मग ते कुठून आणतात, वैशाखात कोणता डवरा. आमी सगळं वहीत टिपत होता.

तिसऱ्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला. हिवताप. लढाईमुळे क्विनीन मिळेना. आमीने ते कुठूनतरी मिळवलं, खाणावळीतून पेज आणून दिली आणि म्हणाला, "तू पड. खालापूर आमी बघतो." पंधरा दिवसांत ताप गेला. पुढचा अशक्तपणा मात्र मी पुरवून पुरवून वापरला. खालापूरला मी गेलोच नाही. आमी आधी कर्जत पुरं करी, मग खालापुरात उतरे, देवळात मुक्काम करी, तीन-चार दिवसांनी परत येई. पाय धुऊन माझ्या खाटेशेजारी बसे, वही उघडे आणि म्हणे, "हं, लिव." मी लिहीत असे. अक्षर माझं चांगलं, इंग्रजी माझं चांगलं. पाताळगंगेच्या काठच्या वाड्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या त्याच्या वहीत. दोन्ही तालुक्यांचा मिळून एकच अहवाल झाला, माझ्या अक्षरात, दोघांच्या सह्यांचा.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. मधला गोरा डॉक्टर. आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. अहवाल त्याने वाचलेला दिसत होता, पानांत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. त्याने आमीला विचारलं, "खालापूरच्या या विहिरी कुणी पाहिल्या?"

आमी म्हणाला, "वुई डिड, सर."

वर्गातला कुणीही तिथे असता तर हसला असता. परीक्षकाला काय ठाऊक? त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोघांनी?"

आमीनेही माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सूचना नव्हती, तक्रार नव्हती. प्रश्न मला विचारला गेला होता आणि उत्तर मी देणार म्हणून तो थांबला होता, एवढंच. हा माणूस 'वुई' म्हणतो तेव्हा एकटाच असतो, हे मला चार वाक्यांत सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "येस, सर."

मग खालापूरचे सगळे प्रश्न मलाच आले. अहवाल मीच लिहिलेला, मला तोंडपाठ होता. मी न पाहिलेल्या वाड्यांबद्दल मी इतकं सफाईने बोललो की गोरा डॉक्टर मान डोलवू लागला. आमीला कर्जतबद्दल विचारलं, तेव्हा तो शब्द शोधत राहिला.

जागेसाठी माझं नाव गेलं. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात मी त्याला विचारलं, "तू 'आय' का नाही म्हणालास?" तो म्हणाला, "म्हंजी? चाललं कुनी? आमी. लिवलं कुनी? तू. मंग 'वुई' झालं नाय का?" मी म्हटलं, "मी सरांना सांगतो, खालापूर तूच केलंस." तो एवढंच म्हणाला, "बघ तुला जमलं तर." त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. मी प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडं होतं. ते चहा घेत होते. मला पाहून उठले, माझं अभिनंदन केलं, पाठ थोपटली. मी आभार मानून परत आलो. आमी तोवर वळकटी बांधायला गेला होता. मी खोलीवर गेलो. त्याने दोरी आपल्याकडे ठेवली आणि वही मला दिली. "तुला लागंल," म्हणाला.

लागली. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी खालापूरच्या एका वाडीवर गेलो. विहिरीवरच्या म्हातारीने माझी सायकल पाहून विचारलं, "दोरीवाले दादा नाय आले? ते बोलले व्हते, आमी परत येऊ."

"त्यांना दुसरीकडे नोकरी लागली," मी म्हटलं.

"मंग तुमी त्यांच्यातलेच का?"

मी हो म्हटलं.

त्याच हंगामात तिकडे पटकी आली. मी वही उघडली. वाडीच्या नावापुढे आमीने लिहिलं होतं, की वैशाखात इथली विहीर सोडून लोक डोंगराकडच्या डवऱ्यावर जातात. मी औषध घेऊन थेट तिथे गेलो. साथ त्या वाडीपलीकडे गेली नाही. माझ्या दक्षतेबद्दल वरून पत्र आलं, पुढे बढती आली, आणि त्या पत्राच्या आधारावर माझी सगळी नोकरी उभी राहिली. आमी दोन वर्षं एका गिरणीत संडास-मोऱ्यांवर देखरेख करीत राहिला, मग गावी परतला आणि नेरळच्या एका शाळेत मास्तर झाला.

खालापुरात मोहोपाड्याकडे कारखाने आले, मी निवृत्त झालो, तेव्हा कुठे एकदा धीर करून पोशीरला गेलो. आमी ओटीवर बसला होता, केस पांढरे, नजर तीच. त्याच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाणी कुठलं?" तो खोकला येईपर्यंत हसला. "बग, इसरला नाय." मग सुनेला म्हणाला, "सूनबाई, हेच ते सायेब. ह्यांनी आन् आमी मिळून कर्जत-खालापूरच्या समद्या विहिरी पाहिल्या."

"ठावं हाय," सून म्हणाली. "पोरांना झोपवताना बी तेच सांगता तुमी." आत खुंटीला ती दोरी दिसत होती, गाठी काळ्या पडलेली.

घरात इतकी वर्षं जे सांगितलं गेलं, ते मी आता खोटं कसं पाडू, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाणी प्यालो. भातपिकाबद्दल बोललो. निघताना तो बांधापर्यंत पोचवायला आला. "काय बोलायचं व्हतं का रं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, सहज आलो होतो." पुढच्या वर्षी तो गेला. मला कळलं महिन्याभराने.

त्याला भेटायला गेलो त्या दिवशी नेरळहून पोशीरपर्यंत मी चालत गेलो होतो, आणि सगळ्या वाटेवर एकच वाक्य घोकलं होतं. ते अजून तसंच पाठ आहे. सदाशिव, खालापूरच्या विहिरी तू पाहिल्यास. मी एकही पाहिली नव्हती.