आर्डिथचे बारा अंश

माझी थोरली बहीण आर्डिथ होस्टेटलर हिने एकतीस वर्षं गावातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात, मागच्या खोलीत, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग, तपासण्याचं काम केलं. पुढे गल्ल्यावर बसणारे पुरुष आले-गेले, मालक दोनदा बदलले, पण मागच्या खोलीतलं ते तपासणीचं फिरतं यंत्र आणि त्याच्यापुढे चष्मा नाकावर ओढून बसलेली आर्डिथ तिथेच. निम्म्या परगण्यातल्या जुन्या गाड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. आणि प्रत्येक गाडीवाल्याला तिचं एकच ऐकवणं असे, "कानावर जाऊ नका. कान मालकाची खुशामत करतो. खुणेवर जा."

माझी गाडी सत्तर सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. कंपनी सांगत नाही. ओहायोत त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघायचे थांबतात. गाडी पुसायची आणि चालवायची एवढंच मला येतं. बाकी सगळं आर्डिथकडे. मी तीस वर्षं रबराच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत ती मला गाढव समजते, आणि तसं तोंडावर म्हणतेही.

तर गोष्ट अशी, की सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडी आधी पडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. माझ्या गाडीला उभ्या-उभ्या, नुसतं इंजिन चालू असताना, बारा अंश. पुढे वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी लवकर पाडतात. हे बघायला एक दिवा असतो. इंजिनाच्या नाकाशी जे जड चाक फिरतं त्याच्यावर एक खाच असते. दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखतो आणि फिरणारी खाच जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. शेजारच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, की झालं.

त्या मे महिन्यात आर्डिथने गाडी सुरू केली, दोन मिनिटं मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "छान बोलतेय. काही करायला नको." तरी सवयीने दिवा लावला. आकडा आला अठरा.

"मी मागच्या वर्षी बारा लावले होते," ती म्हणाली.

"सरकला असेल डिस्ट्रिब्युटर."

"मी घट्ट केलेला डिस्ट्रिब्युटर सरकत नाही, वेंडल."

पण खूण म्हणजे खूण. तिने पुन्हा बारा केले, बुडाशी डिस्ट्रिब्युटर आणि इंजिन दोन्हींवरून मिळून एक रेघ ओरखडली आणि बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर तारीख लिहिली. गाडी मात्र मलूल झाली. चढावर धापा टाकू लागली. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर आकडा एकोणीस! पुन्हा बारा, पुन्हा नवी रेघ. आता तर गाडी तापायलाही लागली. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे जुन्या गाड्यांवाले आइस्क्रीमच्या टपरीपुढे जमतो, तिथे चारचौघांत गाडीने वाफ सोडली. डेल ग्रूबरला तेवढंच हवं होतं. त्याची गाडी विरुद्ध कंपनीची.

"काय आर्डिथबाई, किटली आणलीत वाटतं! चहा कधी?"

एरवी तिने डेलची सालटी काढली असती. त्या दिवशी ती नुसती हसली आणि गाडीत जाऊन बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी तिने डिस्ट्रिब्युटर बाहेरच काढला. वजनं हलवून पाहिली, स्प्रिंगा ताणून पाहिल्या, हवेच्या नळीला तोंड लावून ओढून पाहिलं. सगळं ठणठणीत. रेघेवर रेघ जुळवून परत बसवला, म्हणजे होता तिथेच. आणि दिव्यात आकडा? अठरा.

"रेघ तर जुळतेय," मी म्हणालो.

"मग मी ती बारा लावायच्या आधी ओरखडली असणार," आर्डिथ हळूच म्हणाली. "मला आठवत नाही."

आमची आई विल्मा. तिचीही सुरुवात आकड्यांपासून झाली होती. आधी केकला साखर किती ते, मग घराचा नंबर, मग आम्ही. शेवटची सहा वर्षं ती गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती आणि आर्डिथ दर रविवारी जाऊन आपली ओळख नव्याने करून देत होती. त्या 'मला आठवत नाही'त मला आईच ऐकू आली. पण मी पडलो पुरुषमाणूस. म्हणालो, "चल, सँडविच खाऊ."

बुधवारी सकाळी ती माझ्या दारात आली. हातात दिव्याची पेटी.

"हा ठेव तुझ्याकडे. माझ्या हातात नको आता."

"म्हणजे?"

"आई होती तिथे मी नाव नोंदवलंय. एक खोली रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी हो म्हणणार आहे." तिने घराची किल्लीही पेटीवर ठेवली. "मला स्वतःच्या पायांनी जायचंय, वेंडल. आईसारखं फरफटत नाही."

मी भडकलो. खरं सांगतो, भीतीनेच भडकलो. "एका गाडीवरून? अगं, चष्मा विसरला, दूध विसरलं, काही तरी दुसरं दाखव ना मला!"

"मी बारा लावते आणि अठरा होतात! तीनदा! माझ्या हाताखालून हजारो गेले, असं कधी झालं नाही. मग कोण चुकतंय? लोखंड?"

"पहिल्या दिवशी तू म्हणालीस की छान बोलतेय. तेव्हा तरी बोलत होती ना? तू हात लावत गेलीस तशी बिघडत गेली."

"कान खुशामत करतो."

"बरं, ते चाक. ज्याच्यावर खाच आहे. ते कशाचं असतं?"

तिने माझ्याकडे गाढवाकडे बघावं तसंच बघितलं. "बिडाचं. मधला भाग इंजिनाला बसतो. बाहेरचं कडं वेगळं. त्या दोघांच्या मध्ये हादरे खायला रबराचा पट्टा."

"रबर?"

"हो, रबर."

"आर्डिथ," मी म्हणालो, "मी तीस वर्षं लोखंडाला रबर चिकटवलंय. पन्नास वर्षं उष्णता आणि तेल खाल्लेलं रबर काहीही धरून ठेवत नाही. खाच कुठल्या भागावर आहे?"

तिने हवेतच बोटाने चाक काढलं आणि बोट कडेशी थांबलं. खाच बाहेरच्या कड्यावर होती.

तरी बाई लगेच खूश झाली नाही. एकतीस वर्षं ज्या खुणेच्या जिवावर तिने लोकांना गप्प केलं, ती खूणच घसरत होती असं मानायला ती तयार नव्हती. त्यापेक्षा आपण वेड्या झालो हे तिला सोपं वाटत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच दोर घेऊन आलेला! "उगाच आशा लावू नकोस," ती म्हणाली. पण तिने पर्समधून नखांना लावायचा पांढरा रंग काढला आणि गाडीखाली आडवं पडून चाकावर एक सरळ रेघ ओढली. मधल्या भागावरून, रबरावरून, थेट बाहेरच्या कड्यापर्यंत. "बघ नीट," ती मला म्हणाली. "एकच रेघ आहे ना? तूही बघ. नंतर माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

मी वाकून पाहिलं. एकच रेघ होती, फुटपट्टीने मारल्यासारखी.

मग धान्याच्या कोठारापर्यंत आणि परत, अर्धा तास गाडी पिटाळली. मीच चालवली. ती शेजारी बसून खिडकीबाहेर मक्याकडे बघत होती. घराशी आलो, इंजिन बंद केलं. ती खाली उतरली पण वाकेना.

"तू बघ," ती म्हणाली. "माझ्याने होत नाही."

मी टॉर्च घेऊन जमिनीवर पडलो. चाक थोडं फिरवावं लागलं. मग पांढरं दिसलं. मधल्या भागावर एक तुकडा, आणि बाहेरच्या कड्यावर दुसरा, चांगला बोटाच्या पेराएवढा मागे सरकलेला. रेघेचे दोन तुकडे झाले होते.

"आर्डिथ, ये इकडे."

"सांग नुसतं."

"तुटलीय रेघ. कडं मागे घसरलंय. मागच्या वर्षीचे तुझे बारा बरोबरच होते, हे हरामखोर मागे सरकून खोटे अठरा दाखवत होतं. खरे बारा होते तिथून तूच दर वेळी ठिणगी मागे ओढत गेलीस, म्हणून त्या धापा आणि ती वाफ."

ती आली. माझ्या शेजारी सिमेंटवर, सत्तर वर्षांची बाई, सपशेल उताणी पडली आणि त्या दोन पांढऱ्या तुकड्यांकडे बघत राहिली. तिने अंगठ्याने आधी एकाला हात लावला, मग दुसऱ्याला. आधी हसली, मग रडली, मग मला म्हणाली, "गाढवा, हे तू मे महिन्यात का नाही विचारलंस?" माझा जीव भांड्यात पडला. ही शिवी माझ्या बहिणीचीच होती.

नवं चाक मागवायचं ठरलं. तोवर तिने दिवा पेटीतून काढलाच नाही; कान लावून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, आणि गाडी खुलली.

मग तिने माझ्या स्वयंपाकघरातून वृद्धाश्रमात फोन केला. "होस्टेटलर. आर्डिथ. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "नाही, यादीतूनही काढा. पुढे लागली तर सांगेन मी." फोन ठेवून माझ्या खुर्चीत बसली.

"मी तीन आठवडे झोपले नाही रे, वेंडल," ती म्हणाली. "डोळा लागला तर सकाळी तुझं नाव आठवेल की नाही, असं वाटायचं."

मी कॉफी ओतायला वळलो. कप घेऊन आलो तोवर ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, हात ग्रीसने काळे. सकाळचे अकरा वाजले होते. मी फोनचा आवाज बंद केला, समोर बसून दोन्ही कप प्यायलो, आणि तिला संध्याकाळपर्यंत उठवलं नाही.