आमच्या बनियनमधले सात जण

हरायची सवय होत नाही असं म्हणणारा माणूस सलग तीन वर्षं हरलेला नसतो. आम्हाला झाली होती. मंगरूळपीरच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या, आमच्या भाषेत जीनच्या, कबड्डी टीमचा मी कप्तान होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्याला आमची कीर्ती अशी पसरली होती की चिठ्ठीत आमचं नाव निघालं की समोरची टीम आधीच पेढे मागायची. रिठदच्या सामन्यांत लाऊडस्पीकरवाल्यानं आमची ओळख 'जीनवाले पाहुणे' अशी करून दिली. पाहुणे एवढ्यासाठी की पहिल्या फेरीनंतर जेवायचं आणि घरी जायचं.

आधी असं नव्हतं. आमच्या शेठला कबड्डीचं वेड होतं. हंगामात कामावर घेताना ते माणसाचे हात पाहायचे नाहीत, मांड्या पाहायचे. दिवसभर आम्ही कापसाचे बोजे वाहायचो आणि चार वाजले की शेठ आम्हाला मोकळं करायचे. मग जीनच्या मागच्या मैदानात सराव. बाकीचे मजूर आमच्यावर जळायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. रोज एक गिलास दूध, सामन्याच्या दिवशी उकडलेली अंडी. शेठ स्वतः पक्के शाकाहारी. आम्ही अंडी खायचो तेव्हा ते पाठ फिरवून बसायचे, पण 'झाली काय रे खाऊन? आणखी देऊ काय?' असं भिंतीकडे तोंड करून विचारायचे. आम्हाला 'माह्ये पोट्टे' म्हणायचे. त्या दोन शब्दांवर आम्ही विकले गेलो होतो.

पुढं सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हाती घेतली. जीनकडं नुसती सरकी काढून द्यायची मजुरी उरली. शेठचं आणि त्यांच्या भागीदाराचं फाटलं. आधी दूध बंद झालं, मग अंडी. आमचे चढाई करणारे दोन चांगले गडी निघून गेले, एक अकोल्याच्या मिलमध्ये, दुसरा पलटणीत. राहिलेल्यांना पकड जमायची, पण नुसत्या पकडीवर सामना निघत नाही. आम्ही हरायला लागलो आणि हरतच राहिलो.

हंगाम संपल्यावर भांडण इतकं पेटलं की जीनच्या फाटकाला दोन कुलपं लागली, एक शेठचं आणि एक भागीदाराचं. आम्ही मागची भिंत चढून सरावाला जायचो. लेकराबाळांचे बाप आम्ही, चपला काखेत मारून भिंतीवर चढायचो, आणि ते कशासाठी, तर हरणाऱ्या टीमसाठी. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा शेठनं आम्हाला तसं उतरताना पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "हारले तरी तुमी माह्येच. हे झंझट मिटू द्या, एकेकाले कायम करतो."

कायम म्हणजे बारमाही नोकरी. आमच्या घरी तीन पिढ्या कापसाची गाडी शेठ लोकांच्या तोंडच्या शब्दावर खाली व्हायची. मला त्या वाक्यात काहीच कमी वाटलं नाही.

टीममध्ये डाव्या कोपऱ्याला जो खेळायचा तो किन्हीराजा गावचा, त्याला आम्ही कोपरेवालाच म्हणायचो. घोटा धरायला त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चढाईवाला बोनस घेऊन वळतो न वळतो तोच हा त्याच्या पायाशी. बौद्ध कुटुंबातला, घराण्यातला पहिला मॅट्रिक पास. माझ्याशी त्याचं भावासारखं होतं. दिवाळी झाली आणि त्याला पोलीस भरतीचं बोलावणं आलं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, भरतीही तिथंच.

शेठनं मला एकट्याला बोलावलं. "तो गेला तं टीम मेली. तुह्यं ऐकते तो. त्याले सांग, पैले कायम त्यालेच करतो."

दुसऱ्या दिवशी मी बसनं किन्हीराजाला गेलो. त्याचा बाप अंगणात बसून वेचलेल्या कापसातला कचरा काढत होता. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "बाबू, शेठ चांगला असंन. पन सरकारची नोकरी कागदावर असते. शेठची तोंडावर असते. तोंड कवाबी फिरते."

मला राग आला. म्हाताऱ्याला शेठ काय माहीत, असं मनात आलं. कोपरेवाला मला स्टँडपर्यंत पोचवायला आला.

"तुले काय वाट्टे?" त्यानं विचारलं.

"थांब म्हनतो मी."

"शेठ पक्के हायेत ना?"

"पक्के हायेत."

तो अकोल्याला गेला नाही. ती भरती त्याची शेवटची होती, पुढच्या वेळेपर्यंत वय निघून जाणार होतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षी जीन उघडलीच नाही, फाटकाची कुलपं तशीच राहिली, तरी सामन्यांचा तो हंगाम आम्ही पूर्ण खेळलो. जिथं सामने तिथं गेलो आणि जिथं गेलो तिथं हरलो. मग उन्हाळ्याच्या तोंडावर मंगरूळपीरलाच सामने लागले. घरचं मैदान होतं. आम्ही बनियनं धुऊन, घड्या घालून नेली होती. पिवळी बनियनं, पाठीवर जीनचं नाव. टेबलावर नावं लिहिणाऱ्यानं आमच्याकडं पाहिलं, वहीत पाहिलं आणि म्हणाला, "जीनची टीम तं लिहून झाली बाप्पा. मैदानात उतरली बी."

आम्ही गर्दीतून पुढं घुसलो. मैदानात सात जण आमचं नाव घालून उभे होते. कोरी पिवळी बनियनं, घडीच्या खुणा अजून दिसत होत्या. एकही चेहरा ओळखीचा नाही. कुणी अमरावतीचे, कुणी कारंज्याचे, असं मागून कळलं. माझा कप्तानाचा एक नंबर एका धिप्पाड गड्याच्या पाठीवर होता. आणि खुर्चीवर आमचे शेठ.

त्यांनी आम्हाला पाहिलं. दचकले नाहीत, शरमले नाहीत. तोंड भरून हसले. "अरे, तुमी बी आले काय? बसा, चहा घ्या. पाहा कशी खेळते आपली टीम!"

आपली म्हणाले. शिवी दिली असती तर चाललं असतं.

शेठच्या मागं त्यांचे हिशेब पाहणारे दिवाणजी बसले होते. त्यांना मी बाजूला घेतलं. ते खाली पाहत बोलले. शेठनं आपला हिस्सा भागीदाराला कधीच विकला होता. "सौदा तं पोळ्यालेच झाला. कारंज्याले नवा धंदा टाकला. टीमचं नाव शेठनं मांगून घेतलं, मानसं नाही मांगतले. या साली टीम उतरली नसती तं नाव यादीतून कटलं असतं. तुमी खेळले म्हनून नाव जितं राह्यलं."

म्हणजे दिवाळीनंतर मला किन्हीराजाला धाडलं, तेव्हा जीन शेठची नव्हतीच. कायम करायला त्यांच्या हातात एक खुर्चीही नव्हती. त्यांना फक्त मैदानात उभी राहायला सात माणसं हवी होती, हरली तरी चालतील अशी. आम्ही त्यांना त्यासाठी परवडलो. मला इतका राग कधी आला नव्हता. अजूनही येतो.

नवी टीम जिंकली. आमच्या नावाचा जयघोष झाला. कोपरेवाल्यानं सामना शेवटपर्यंत पाहिला, घोट्याच्या दोन पकडी सुटल्या तेव्हा नकळत त्याचे हातही हलले. मग तो माझ्याकडं वळला.

"तुले मालूम होतं काय?"

आता खरं सांगतो. पोळ्याच्या आठवड्यात मी एकटाच लवकर भिंत चढून आत गेलो होतो. दोन माणसं आमच्या मैदानावर टेप धरून मोजणी करत होती. काहून मोजून राह्यले, असं विचारलं. त्यातला एक म्हणाला, "विकलं ना शेठनं." मी ते कुणाला बोललो नाही. शेठ जातील तिथं आपल्याला नेतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं कारण ते नव्हतं. कोपरा गेला तर टीम मोडणार होती, आणि टीम मोडली की मी कप्तान नव्हतो, बोजे वाहणारा होतो. तरी स्टँडवर उभा राहून मी 'पक्के हायेत' म्हणालो.

"नाही," मी म्हटलं.

"तेच म्हनतो मी," तो म्हणाला. "मालूम असतं तं तू मले सांगतलं असतं."

जन्मभर त्यानं लोकांच्या शेतात मजुरी केली. जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा शेठला शिव्या घातल्या. त्याच्या बरोबरीनं मीही घातल्या, त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात.