शेवटच्याचा चमचा

हॉलमधून यांचा आवाज आला, "संपलं! लाकडी चमचा पुन्हा इटलीलाच!" मी स्वयंपाकघरात पाडव्याची बासुंदी आटवत होते. हे दोन वर्षं कार्डिफला नोकरी करून आले, तेव्हापासून सहा देशांच्या या रग्बी स्पर्धेचं खूळ आमच्या घरात शिरलंय. आधी चारच देश होते, मग फ्रान्स आला, मग इटली, हे सगळं मला नको असताना पाठ झालंय.

"बघू तरी कसा असतो तो चमचा," मी दारातून म्हटलं.

"अगं, तो खरोखर देत नाहीत. शेवटच्याला मिळाला असं नुसतं म्हणायचं."

"आणि जिंकणाऱ्याला?"

"कप. पण तोही फार उशिरा आला. आधीची शंभरेक वर्षं काहीच नव्हतं."

म्हणजे जिंकणाऱ्यासाठी कप करायला त्या लोकांना शतक लागलं, आणि हरणाऱ्याला चिडवायला चमचा असण्याचीही गरज पडली नाही! डोकंच फिरलं माझं.

पण परक्यांना कशाला बोलू? लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला माझी बासुंदी करपली होती. नणंद अजून विचारते, "वहिनी, यंदा करपली नाही ना?" नंतरच्या इतक्या वर्षांच्या बासुंद्या वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या सगळ्यांनी, त्यातली एकही कुणाला आठवत नाही.

तेवढ्यात हे आत आले आणि पातेल्यात डोकावून म्हणाले, "खाली लागत नाहीये ना?"

मी हातातला लाकडी चमचा यांच्या हातात दिला.

"इटलीला कधी मिळाला नाही, तुम्हाला मिळाला. ढवळा आता."